अप्रेझल ३० हजारांनी कमी आलं, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय (केंडल पार्क, न्यू जर्सी)

रानवारा:

नमस्कार मंडळी. थोडं घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

केंडल पार्कमध्ये एक घर ठरलंय. मुलीची शाळा बदलायला नको म्हणून साउथ ब्रन्सविक टाउनशिपच्या बाहेर बघायचंच नाही असं आमचं पक्कं होतं. जुनं रँच (एकमजली घर) आहे, मागे वाढवलेलं, बेसमेंट पूर्ण फिनिश्ड, आणि दार पूर्वेला. हिने तर दार बघूनच ठरवलं होतं. चार-पाच ऑफर होत्या, त्यात आमची ६ लाख ४० हजार डॉलरची मान्य झाली. २० टक्के डाउन म्हणजे १ लाख २८ हजार, बाकी ५ लाख १२ हजारांचं कन्व्हेन्शनल लोन. सगळं सुरळीत चाललं होतं आणि काल लोन ऑफिसरचा फोन आला: अप्रेझल (बँकेने करवून घेतलेलं घराचं मूल्यांकन) ६ लाख १० हजार.

चुरस होती म्हणून ऑफरमध्ये लिहून दिलंय की अप्रेझल कमी आलं तर १० हजारांपर्यंतची गॅप आम्ही भरू. त्याच्या पलीकडे अप्रेझल कंटिंजन्सी (सौद्यातून बाहेर पडायची मुभा) आहे, वकिलांनी अटर्नी रिव्ह्यूमध्ये (करार तपासायच्या मुदतीत) ती स्पष्ट शब्दांत घालून घेतली.

क्लोजिंग कॉस्ट (घर नावावर होतानाचा खर्च) बाजूला काढली की हाताशी साधारण १५ हजार उरतात, आणि तीच आमची अडीअडचणीची पुंजी. मग ३० हजार आणायचे कुठून? आई-बाबा म्हणतात, आम्ही पाठवतो. ते ऐकून बरं वाटलं, पण त्यांच्या एफडी मोडायला लावायच्या का, ह्या विचाराने झोप लागली नाही. त्यात अप्रेझरने बेसमेंटचे ७०० चौरस फूट क्षेत्रफळात धरलेलेच नाहीत. एजंट म्हणतो, चॅलेंज करू. लोन ऑफिसर म्हणतो, एकदाच करता येईल, विचार करून करा.

ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सांगा.

अबोली:

रानवारा, मी मिडलसेक्स काउंटीतच एजंट आहे. कागद-पेन घेऊन बसा, कारण ३० हजार ह्या आकड्याने तुम्ही घाबरला आहात आणि तुमच्या खिशातून जाणारा आकडा तो नाहीच.

खरेदीची किंमत आणि अप्रेझल, ह्यातला जो आकडा लहान त्यावर बँक लोन मोजते. ६ लाख १० हजारांच्या ८० टक्के म्हणजे ४ लाख ८८ हजार. घर ठरल्याप्रमाणे ६४० लाच (म्हणजे ६ लाख ४० हजारांना, पुढेही आकडे हजारांत) घेतलंत तर तुम्ही १ लाख ५२ हजार आणायचे. १२८ तुम्ही आणणारच होतात, म्हणजे जादा २४ हजार.

आता तुमची १० हजारांची अट. तिचा अर्थ असा की विक्रेता ६२० पर्यंत खाली आला तर तुम्ही बांधील आहात, नाही आला तर कंटिंजन्सी वापरून बाहेर पडू शकता (शब्दरचना वकिलांकडून एकदा तपासून घ्या, प्रत्येक करारात ती सारखी नसते). किंमत ६२० झाली तर ६२० वजा ४८८, म्हणजे १ लाख ३२ हजार. जादा फक्त ४ हजार! ६२५ ला तोडगा निघाला तर ९ हजार. आई-बाबांना फोन करायच्या आधी हे गणित घरात मोठ्याने वाचा. ६२५ च्या पुढे मात्र मी तुम्हाला जाऊ देणार नाही. त्या भागातली रँच घरं १९५० च्या दशकातली आहेत. पहिल्याच हिवाळ्यात बॉयलर गेला तर खात्यात पैसे हवेत.

तिसराही रस्ता आहे: डाउन पेमेंट १२८ च ठेवायचं आणि लोनही ५१२ च घ्यायचं. मग लोन अप्रेझलच्या साधारण ८४ टक्के होतं, म्हणून पीएमआय (बँकेच्या सुरक्षेसाठी आपण भरायचा विमा) लागतो. लोक पीएमआयचं नाव काढलं की दचकतात, पण तो कायमचा नसतो. मुद्दल मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की काढून टाकण्याचा अर्ज करता येतो, हप्ते वेळेवर असले तर ७८ टक्क्यांना तो आपोआप जातो. १९९८ चा कायदाच आहे तसा. फक्त इथली ‘मूळ किंमत’ म्हणजे खरेदीची किंमत आणि अप्रेझल ह्यातला लहान आकडा, तुमच्या बाबतीत ६१०. म्हणजे मुद्दल ४८८ वर आणावं लागेल, २४ हजारांनी कमी. ते पैसे आज एकरकमी भरायचे की बोनस येईल तसे दोन-तीन वर्षांत, एवढाच फरक. पीएमआयचा महिन्याचा आकडा लोन ऑफिसरकडून लेखी मागवा आणि मग तुलना करा.

आता रिपोर्ट. नुसता आकडा ऐकून गप्प बसू नका, पूर्ण पीडीएफ मागवा. ती तुम्हाला देणं बँकेवर बंधनकारक आहे, तयार झाल्यावर लगेच आणि उशिरात उशिरा क्लोजिंगच्या तीन कामाच्या दिवसांआधी.

बेसमेंटवर भांडू नका. एप्रिल २०२२ पासून फॅनी मेच्या (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था) लोनसाठी अप्रेझरला एएनएसआय पद्धतीने (क्षेत्रफळ मोजायचं ठरलेलं मानक) मोजावं लागतं, आणि तिच्यात ज्या मजल्याचा कुठलाही भाग जमिनीखाली आहे तो मजला मुख्य क्षेत्रफळात येत नाही. कितीही सुंदर फिनिश केलेला असो, मागून चालत बाहेर पडता येत असो. बेसमेंटची ओळ ग्रिडमध्ये (रिपोर्टमधला घरांच्या तुलनेचा तक्ता) खाली वेगळी असते. तिथे तुमच्या बेसमेंटला किती डॉलर दिलेत आणि तुलनेतल्या घरांची बेसमेंटं फिनिश्ड आहेत का, एवढंच बघा.

पूर्वेच्या दाराचंही तेच. आपली चार कुटुंबं त्या दारासाठी एकमेकांवर चढवून बोली लावतात, ते पैसे खरे असतात, मोजणाऱ्याच्या कष्टाचे असतात. पण ग्रिडमध्ये दिशेचा रकाना नाही. आमच्या भागात पूर्वमुखी घरांची अप्रेझलं कमी येताना मी सारखी बघते, ती बहुधा ह्याच कारणाने. तुमची गॅप काही अंशी तिथलीच असू शकते आणि तेवढी कुठल्याही अर्जाने भरून निघणार नाही.

मग बघायचं काय? तुलनेतली तिन्ही घरं नकाशावर टाका. रूट २७ च्या पलीकडचं एखादं आहे का ते बघा. रस्ता ओलांडला की फ्रँकलिन पार्क, म्हणजे काउंटी वेगळी, टाउनशिप वेगळी, शाळा वेगळ्या. अंतर अर्धा मैल असलं तरी बाजार एक नाही. त्यानंतर शेवटच्या पानांवरचा स्केच काढा आणि घराच्या फोटोंशी खोली-खोली ताडून बघा. मग कॉम्प्सच्या (ह्याच तुलनेतल्या घरांच्या) विक्रीच्या तारखा. सापडेल ते इथे लिहा.

निवांत:

मी तर म्हणतो सोडून द्या. बँकेचा माणूसच सांगतोय की घर ६१० चं आहे, मग ६४० द्यायचे कशाला? कंटिंजन्सी आहे, अर्नेस्ट मनी (बयाणा) परत घ्या आणि दुसरं बघा. आम्ही तेच केलं, चांगलं घर मिळालं.

अबोली:

निवांत, तुम्हाला चांगलं घर मिळालं ह्याचा आनंद आहे, आणि सोडण्याचा पर्याय खरा आहे, तो विसरू नये. पण अप्रेझल म्हणजे घराची खरी किंमत नव्हे. तीन-चार आधी झालेल्या विक्रींवरून एका माणसाने एका दिवशी काढलेलं ते मत आहे, आणि ते बँकेला आपला पैसा किती सुरक्षित आहे हे कळावं म्हणून काढलेलं असतं. ते वाचायच्या आधीच घर सोडणं मला पटत नाही. मुलगी त्याच शाळेत राहायला हवी असेल तर त्या हद्दीत पुढचं घर कधी येईल आणि त्यावर किती बोल्या पडतील, हाही हिशोब आहेच.

परसदार:

विक्रेत्याच्या बाजूने लिहितो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही प्लेन्सबोरोचं टाउनहाउस विकलं, तेव्हा आमच्या खरेदीदाराचं अप्रेझल कमी आलं होतं. राग आला होता हे खरं. पण आमच्या एजंटने शांतपणे विचारलं: ह्यांना जाऊ दिलं तर पुढचा येईल तोही लोन घेणाराच असेल ना? त्याची बँकही अप्रेझल मागवेल. मधल्या काळात घर ‘बॅक ऑन मार्केट’ दिसेल आणि येणारा प्रत्येकजण विचारेल की पहिला सौदा का मोडला. शिवाय आम्ही पुढच्या घराची तारीख दिलेली होती. आम्ही मधला आकडा स्वीकारला.

म्हणून एक सुचवतो: विक्रेत्याचं पुढचं ठरलंय का, हे तुमच्या एजंटमार्फत काढा. ज्याचं ट्रकचं बुकिंग झालंय तो बोलायला बसतो. आणि रिपोर्टची प्रत त्यांना दाखवा. आम्हाला खरेदीदाराने नुसता आकडा कळवला होता तेव्हा तो खोटं बोलतोय असंच वाटलं होतं. ग्रिड डोळ्यांनी बघितल्यावर बोलणं सोपं झालं.

दूरदेशी:

आई-बाबांच्या पैशाबद्दल, कारण आम्ही ह्यातून गेलोय. एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) भारतातला रहिवासी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतो, मुलाला भेटही त्यात बसते. मात्र वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता करता येतो, पण तोवर त्यांचे पैसे अडकतात. मर्यादा माणशी आहे, तेव्हा आई आणि बाबा दोघांनी आपापल्या खात्यातून थोडे थोडे पाठवले तर बऱ्याचदा कापलंच जात नाही.

इथल्या बाजूला लोन ऑफिसर गिफ्ट लेटर मागेल (हे पैसे परत करायचे नाहीत असं लिहिलेलं), आणि पैसे त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात आल्याचा माग. नात्यातल्या तिसऱ्याच्या खात्यातून फिरवून आणू नका, तिथेच फाइल अडकते. एका वर्षात परदेशातून मिळालेली भेट १ लाख डॉलरच्या वर गेली तर इथल्या कर खात्याचा फॉर्म ३५२० भरावा लागतो, तुम्ही त्याच्या खूप खाली आहात.

पण अबोलीताईंचं गणित बघता त्यांना त्रास द्यायची वेळ येईलसं वाटत नाही.

रानवारा:

अबोलीताई, काय सांगू! चार हजारांचं गणित हिला वाचून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा नीट जेवली.

रिपोर्ट आला, रात्री दोघांनी बसून वाचला. कॉम्प नंबर दोन खरंच रूट २७ च्या पलीकडे, फ्रँकलिन पार्कमध्ये आहे. कॉम्प तीन हिवाळ्यात विकलेलं आहे. पहिल्या पानावर बाजार वाढता आहे असं लिहिलंय, पण त्या जुन्या विक्रीला काळाचं ॲडजस्टमेंट (तेव्हापासून वाढलेल्या भावाची भर) शून्य.

आणि स्केच! मागची १६ बाय १२ ची खोली, जिथे आम्ही मुलीचं टेबल ठेवणार आहोत, ती ‘एन्क्लोज्ड पोर्च’ म्हणून दाखवली आहे आणि क्षेत्रफळातून वगळली आहे. हिला आठवलं की त्या खोलीत भिंतीच्या कडेने बेसबोर्ड हीटर होता. अप्रेझरच्या स्वतःच्या फोटोत तो सोफ्याच्या मागून डोकावतोय. विक्रेत्याच्या एजंटला विचारलं, तर त्या वाढीव बांधकामाचं टाउनशिपचं परमिट आणि शेवटच्या तपासणीचा कागद, दोन्ही त्यांच्याकडे आहेत.

रिपोर्टमध्ये क्षेत्रफळाच्या फरकासाठी चौरस फुटाला ६० डॉलर धरलेत. म्हणजे सगळं मिळून ४० हजार तरी मागता येतील का?

अबोली:

शाब्बास! वहिनींना माझ्याकडून सांगा, हीटर आठवणारी माणसं फार थोडी असतात.

४० मागू नका. कुठलाच आकडा मागू नका. ह्या अर्जाला रीकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू (मूल्याचा फेरविचार) म्हणतात. २९ ऑगस्ट २०२४ पासून फॅनी मे आणि तिच्यासारख्याच फ्रेडी मॅकच्या लोनसाठी ह्याचे ठरलेले नियम आहेत: एका रिपोर्टवर खरेदीदाराचा अर्ज एकदाच, आणि त्यात जास्तीत जास्त पाच पर्यायी विक्री सुचवता येतात. अर्ज जातो लोन ऑफिसरमार्फत. अप्रेझरला तुम्ही किंवा तुमच्या एजंटने फोन करून आकड्यासाठी गळ घालायची नाही. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानंतर त्याच्या स्वातंत्र्याला धक्का लागेल असं काहीही चालत नाही. ‘आम्हाला ६४० हवेत’ असं वाक्य दिसलं की अर्जाचं वजन जातं. ‘इथे ही वस्तुस्थिती वेगळी आहे’ असं लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

पहिला मुद्दा खोलीचा, कारण तो मताचा नाही, मापाचा आहे. जमिनीच्या वर, फिनिश्ड, वर्षभर वापरता येईल अशी कायमची हीटिंग असलेली आणि घरातूनच ये-जा असलेली खोली मुख्य क्षेत्रफळात यायला हवी. परमिट, तपासणीचा कागद, आणि अप्रेझरच्याच फोटोवर हीटरभोवती लाल गोल. १९२ चौरस फूट गुणिले ६० म्हणजे ११,५२०. पोर्च म्हणून आधी काही दिलं असेल तर ते त्यातून वजा होईल, तेव्हा आठ-नऊ हजारांची आशा धरा.

दुसरा मुद्दा कॉम्प दोनचा. नुसतं ‘हा चुकीचा’ म्हणून भागत नाही, त्याच्या जागी काय हे द्यावं लागतं. रूट २७ च्या अलीकडची, साउथ ब्रन्सविकमधली, अप्रेझलच्या तारखेआधी क्लोज झालेली रँच घरं तुमच्या एजंटकडून काढून घ्या. दोन पुरे, मिळाली तर तीन. करार झालेली पण क्लोज न झालेली नकोत, वेबसाइटवरचे अंदाज तर अजिबात नकोत. आणि स्वतःच्या सोयीची महागडी घरं निवडू नका. दोन बाथरूम जास्त असलेलं घर पाठवलंत की बाकीच्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

तिसरा, काळाचं ॲडजस्टमेंट. दोन ओळींत विचारा: पहिल्या पानावर बाजार वाढता, ग्रिडमध्ये शून्य, कारण कळेल का? एवढंच. बेसमेंटचा, दाराचा, नव्या किचनबद्दलच्या तुमच्या प्रेमाचा उल्लेख नको. एका पानात बसवा.

आणि परसदार म्हणतात ते आजच करा. अर्जाचं उत्तर यायला दिवस जातात, तोवर वकिलांकरवी कंटिंजन्सीची मुदत लेखी वाढवून घ्या. तोंडी ‘हो हो, थांबू’ ह्याला काही अर्थ नाही. रेट लॉक (व्याजदर पक्का धरून ठेवल्याची मुदत) कधी संपतोय तेही बघा.

रानवारा:

मुदत वाढवून घेतली, लेखी. अर्ज एका पानाचा केला, तुम्ही सांगितलेल्याच क्रमाने. विक्रेत्यांना रिपोर्टही पाठवला. त्यांचं टेक्ससमध्ये घर ठरलेलं आहे असं कळलं.

रानवारा:

उत्तर आलं! कॉम्प दोन त्याने बदलला नाही, आकार आणि वय जुळतं म्हणून ठेवलाय असं लिहिलंय. आमची दोन घरं बघितली, पण वापरली नाहीत. काळाबद्दल मोघम उत्तर. खोली मात्र पूर्णपणे मान्य, स्केच बदलला, क्षेत्रफळ बदललं. नवीन आकडा ६ लाख १८ हजार.

त्यावर आमचे १० धरून ६२८ ला विक्रेते तयार झाले आहेत, काल रात्री. मी हिशोब केला: ६१८ च्या ८० टक्के ४ लाख ९४ हजार ४००, म्हणजे आम्ही आणायचे १ लाख ३३ हजार ६००. आधीपेक्षा ५ हजार ६०० जास्त. बरोबर ना? आई-बाबांना कळवलं की एफडीला हात लावायचा नाही. तिकडून बाबांनी विचारलं, मग वास्तुशांतीला यायचं की नाही!

निवांत:

माघार घेतो. अभिनंदन.

अबोली:

हिशोब बरोबर आहे, मनापासून अभिनंदन! पण अजून तीन कामं बाकी आहेत.

६२८ चं ॲडेंडम (करारातल्या बदलाचा कागद) दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी आजच लोन ऑफिसरकडे गेलं पाहिजे, त्याच्याकडे कागद नसेल तर त्याच्या फाइलमध्ये किंमत ६४० च राहते. लोनची रक्कम बदलली, तेव्हा सुधारित लोन एस्टिमेट मागवा आणि पीएमआयची ओळ रिकामी आहे ना ते बघा. क्लोजिंग डिस्क्लोजर (अंतिम आकड्यांचा कागद) क्लोजिंगच्या तीन कामाच्या दिवसांआधी हातात यायला हवा. तो आला की किंमत ६,२८,०००, लोन ४,९४,४०० आणि अर्नेस्ट मनी वळती केलेली, हे तीन आकडे दोघांनी वेगवेगळे बसून तपासा. वायरचा खाते क्रमांक ईमेलवर आला तर वकिलांच्या ऑफिसला तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून पडताळल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका.

बाबांचं तिकीट क्लोजिंगनंतर काढा, तारखा एखादा आठवडा पुढे सरकतात.